मोठ्या बाबांच्या पेटीत विंचेस्टर १८९२ निघाली. साफसफाई कुठून सुरू करू?

सई_महाल

नमस्कार मंडळी. मोठे बाबा, म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, या पौषात गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात माडीवरची खोली त्यांची होती. ती आवरताना पलंगाखालच्या सागवानी पेटीत फ्लानेलमध्ये गुंडाळलेली रायफल मिळाली. ती आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण खंडेनवमीला ती पाटावर यायची. पण हातात घेऊन नीट पाहिली ती आत्ताच.

मूळ ती आबाजींची, म्हणजे आजोबांची. काटोलकडं आमचा संत्र्याचा बगीचा होता, तिथं रानडुकरांसाठी त्यांनी ती घेतली होती. नंतर परवाना मोठ्या बाबांच्या नावावर झाला.

दिसते कशी ते सांगते. नळी अष्टकोनी आहे, खाली तिला लागून दुसरी बारीक नळी. चापाभोवती लोखंडी कडं, ते खाली ओढलं की वरचा भाग मागे सरकतो. दस्त्याच्या टोकाला अर्धचंद्रासारखी लोखंडी पट्टी. वरच्या पट्टीवर मॉडेल १८९२ आणि विंचेस्टर ही अक्षरं, नळीवर न्यू हेवनचा पत्ता आणि १४ ऑक्टोबर १८८४ ही तारीख. मागच्या बाजूला .४४ डब्ल्यू.सी.एफ. सगळी अक्षरं बोटाला लागतात, कुठंच झिजलेली नाहीत. नळीवर काळी-निळी झाक आहे, मधला भाग मात्र तपकिरी झालाय.

एकच जागा खराब आहे. डाव्या अंगाला, जिथं दरवर्षी हळदकुंकू लावत असत, तिथं रुपयाएवढा थर बसलाय. कडेनं लालसर गंज दिसतो.

पेटीत परवान्याचं पुस्तक आणि काही हिरवी पडलेली पितळी काडतुसंही आहेत. मला ती विकायची नाही, चालवायची तर अजिबात नाही. आबाजींच्या हातात होती तशी नीट राहावी, एवढंच. काय लावू, कशानं पुसू?

तेलपाणी

सईताई, फौजेत आर्मरर होतो, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा, आता वाडीला राहतो. आधी एक काम. काहीही लावू नका, काहीही पुसू नका, आणि कडं खाली-वर करणं आजपासून बंद. खालची जी बारीक नळी म्हणता तेच मॅगझिन. त्यात काडतुसं एकामागे एक झोपलेली असतात आणि पुढच्या टोकाची स्प्रिंग त्यांना मागे ढकलते. तेल सुकून चिकट झालं की एखादं काडतूस आतच अडकून बसतं. वरून बघितलं तर रिकामी वाटते. कडं दोनदा मारलं की तेच काडतूस वर येऊन नळीत बसतं. ही खात्री बंदुकीच्या दुकानातल्या माणसाला करू द्या. चेंबरमध्ये (नळीच्या मुळाशी काडतूस बसतं ती जागा), काडतूस उचलणाऱ्या पट्टीवर आणि मॅगझिनच्या तोंडाशी, तिन्ही जागी तो डोळ्यानं बघेल आणि बोटानं चाचपेल. तोपर्यंत नळीचं तोंड भिंतीकडं.

काडतुसं घासून चकचकीत करायला जाऊ नका.

काळाकोट

काकांशी सहमत, पण त्याच्याही आधी कागद. ताई, परवाना ज्यांच्या नावावर होता ते गेले. त्या क्षणापासून घरात कुणाकडेही ते हत्यार बाळगायचा परवाना नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायला हवं. काडतुसंही सोबतच. विनापरवाना बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं झाली आहे. बाबांना सांगा, हत्यार रिक्षात घालून निघू नका. आधी ठाण्यात मृत्यूचा दाखला आणि परवान्याचं पुस्तक घेऊन जा, लेखी कळवा, ते सांगतील तसं करा.

जुनी आहे, ॲन्टिक आहे, मग परवाना कशाला, असं कुणीतरी सांगेलच. कलम ४५ मधली सूट आहे ती दुरुस्त करूनही चालू शकणार नाही अशाच जुन्या हत्याराला. तुमची रायफल वर्णनावरून पूर्ण चालू स्थितीत दिसते, त्यामुळे ती सूट लागू नाही.

आणि ती घरातच राहू शकते. शस्त्र नियम २०१६ मध्ये मृत परवानाधारकाच्या कायदेशीर वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे. भाऊ म्हणून तुमचे बाबा अर्ज करू शकतात, इतर वारसांचं ना-हरकत लागेल. शहरात असल्यामुळे अर्ज पोलीस आयुक्तालयात जातो, ग्रामीण भागात असता तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. एका माणसाला आता दोनच हत्यारं ठेवता येतात, तेव्हा बाबांकडे आधीची किती आहेत ते बघा.

जमा केल्याची पावती नीट जपा. ठरलेल्या मुदतीत पुढची हालचाल झाली नाही तर हत्यार सरकारजमा होऊ शकतं.

सई_महाल

बाबांकडे एकही नाही. उद्याच जातो ठाण्यात.

परवान्याच्या पुस्तकाला टाचणी लावून पावत्यांचा गठ्ठा आहे. निवडणूक आली की मोठे बाबा रायफल ठाण्यात जमा करायचे, त्या सगळ्या पावत्या. प्रत्येकीवर नंबर, शिक्का, परत घेतल्याची सही. काही कार्बन कॉपी इतक्या पुसट आहेत की उजेडाकडं धरूनच वाचता येतात.

काळाकोट

सोन्यासारखा गठ्ठा आहे तो. हत्यार सलग कायदेशीर ताब्यात होतं याचा इतका चांगला पुरावा फार कमी घरांतून निघतो. झेरॉक्स काढून अर्जाला जोडा, मूळ पावत्या हातच्या सोडू नका. आणि इथं फोटो टाकाल तेव्हा रायफलचा नंबर झाकून टाका.

जंगलनोंद

चंद्रपूरहून. मला या रायफलीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही, थोडं लांबेल.

१८९२ चा आराखडा जॉन ब्राउनिंगचा. त्यानं आधी मोठ्या काडतुसांसाठी १८८६ चं मॉडेल काढलं होतं, तेच यंत्र लहान करून हे बनवलं. म्हणूनच नळीवर १८८४ ची तारीख आहे, ती त्या मोठ्या भावाच्या पेटंटची. कडं वर येतं तेव्हा बोल्टच्या, म्हणजे मागे सरकणाऱ्या त्या वरच्या भागाच्या, दोन्ही बाजूंनी दोन उभ्या पोलादी पट्ट्या वर सरकतात आणि खाचेत बसतात, दाराला दोन खिट्ट्या लागाव्यात तशा. त्यामुळे ही रायफल हलकी असूनही भक्कम. आधीच्या १८७३ च्या मॉडेलमध्ये सांध्यांची जोडणी होती, ती एवढा दाब सोसत नसे. .४४ डब्ल्यू.सी.एफ. म्हणजेच .४४-४०, हे काडतूस त्या १८७३ बरोबरच आलेलं. आत ४० ग्रेन वजनाची बंदुकीची काळी दारू, म्हणून तो मागचा ४०.

आपल्याकडं अशा कडं ओढायच्या, लिव्हरच्या रायफली कमी. सेंट्रल प्रॉव्हिन्सेसमध्ये जंगलाचा ब्लॉक घेऊन शिकार करणारे साहेब लोक इंग्लिश दुनाळी नाहीतर बोल्टवाली वापरत. लिव्हरवाल्यांत भारतात नाव झालं ते विंचेस्टर १८९५ चं, .४०५ बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप). दक्षिणेत शिकारी आणि लेखक केनेथ अँडरसन तीच वापरत. तिला खाली पेटीसारखं मॅगझिन असतं, त्यामुळे टोकदार गोळीही चालते. नळीच्या मॅगझिनमध्ये ते चालत नाही, कारण पुढच्या काडतुसाच्या टोपीवर, जी ठोका बसला की पेटते, मागच्याचं टोक टेकतं. म्हणून .४४-४० ची गोळी चपट्या नाकाची. वाघाला ती तोकडी, पण बगीच्यात जवळून डुकराला पुरेशी. तुमच्या आबाजींनी कामाला साजेशीच निवडली.

एक बघा. नळीवर आणि मधल्या भागावर, वरच्या अंगाला, लंबगोलात डब्ल्यू आणि पी ही अक्षरं आहेत का? शिवाय नळीच्या मुळाशी छोटा मुकुट आणि त्याखाली काही अक्षरं?

सई_महाल

लंबगोल कुठंच नाही. मुकुट आहे, खाली बी.पी. दिसतं. त्याच्या शेजारी आणखी एक मुकुट आहे, खाली बी.व्ही. असावं.

जंगलनोंद

मग मजा आहे. तो लंबगोलातला शिक्का विंचेस्टरनं जुलै १९०५ पासून मारायला सुरुवात केली. तुमच्यावर नाही, म्हणजे बहुतेक त्याआधीची घडण. आणि मुकुटाखाली बी.पी., बी.व्ही. हे बर्मिंगहॅमच्या तपासणी घराचे शिक्के, ते १९०४ पासूनचे. म्हणजे रायफल अमेरिकेतून आधी इंग्लंडला गेली, तिथं तिची दाबाची चाचणी झाली, आणि मग इकडं आली. सव्वाशे वर्षांच्या आसपास वय झालं तिचं.

नक्की वर्ष हवं असेल तर अमेरिकेत वायोमिंग राज्यात कोडी गावी बंदुकांचं संग्रहालय आहे. विंचेस्टर कारखान्याच्या जुन्या वह्या त्यांच्याकडं आहेत. १८९२ मॉडेलच्या ३,७९,९९९ पर्यंतच्या नंबरांची नोंद मिळते. फी भरली की पत्र देतात, त्यात कोणत्या दिवशी गोदामातून बाहेर पडली, नळी गोल की अष्टकोनी, हे सगळं असतं.

वऱ्हाडीबाणा

ताई, भारी चीज भेटली बाप्पा तुमाले! माह्या ओळखीचा एक जण आहे हिंगण्याले, एमआयडीसीत. बफिंग मारून देते, आरशासारखी चमकते. मंग वरून नवीन ब्लूइंग, म्हंजे ते निळं पाणी, मारून घ्या, शोरूमची वाटन. गंज बी जाईन अन् कुंकवाचा डाग बी. काऊन नाही करत?

तेलपाणी

भाऊ, मन चांगलं आहे तुमचं, पण हे करू नका. बफचं चाक फिरतं तेव्हा ते गंज आणि पोलाद असा भेद करत नाही. अष्टकोनी नळीच्या धारा आज चाकूसारख्या सरळ आहेत, त्या गोल होतील. अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या दिसायला लागतील. स्क्रूच्या भोवती खळगे पडतील. हे परत आणायला जगात कुणाकडं औषध नाही.

काळाकोट

आणि नंबर पुसट झाला तर ते कलम ८ खाली येतं. हत्यारावरचं नाव, नंबर, खूण पुसणं किंवा बदलणं हा गुन्हा आहे. बफिंगवाला ते मुद्दाम करणार नाही, पण तपासणीत उत्तर परवानाधारकालाच द्यावं लागतं.

जतन

मी संग्रहालयांच्या वस्तू जतन करण्याचं काम करते. वऱ्हाडीबाणा यांनी विचारलं ते बरं झालं, कारण बहुतेक घरांत पहिला विचार हाच येतो.

मधला भाग तपकिरी झालाय तो बिघाड समजू नका. वर्षानुवर्षं हाताच्या स्पर्शानं मूळची निळसर झाक गेली आणि पोलादावर दाट, स्थिर असा तपकिरी थर बसला. तो बोटाला लागत नाही, भुगा पडत नाही. तो आता खालच्या पोलादाला सांभाळतो. काढलात तर उघडं पोलाद पहिल्याच पावसाळ्यात लालबुंद होईल. वैरी वेगळा आहे, तो नारिंगी-लाल, भुसभुशीत, पांढऱ्या कापडाला लागणारा. सई यांच्या वर्णनात तो फक्त कुंकवाच्या कडेनं आहे.

म्हणजे काम त्या रुपयाएवढ्या जागेचं आहे. बाकी ठिकाणी जुनं सुकलेलं तेल काढायचं आणि नवं संरक्षण द्यायचं. पेटीतून निघालेल्या लोखंडात इतकं कमी काम लागणारं मी क्वचित पाहिलंय. मोठ्या बाबांनी फार निगुतीनं ठेवलीय ती.

तेल कोणतं लावत असत, आठवतं का?

सई_महाल

खोबरेल. दसऱ्याच्या आदल्या दिवशी वाटीत गरम करून. आई सांगते, थंडीत लिव्हर जड व्हायची, म्हणून मोठे बाबा ती उन्हात ठेवायचे.

तेलपाणी

झालं, कोडं सुटलं. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. नागपूरच्या डिसेंबरात बाटलीत दगड होतो, तसाच आतल्या सांध्यात. शिवाय वर्षं गेली की खवट होतं, त्यातली आम्लं धातूला त्रास देतात, वर धूळ बसून काळं डिंकासारखं होतं. पण त्याच खोबरेलानं इतकी वर्षं गंज लांब ठेवला हेही खरं. त्या काळी घरात जे होतं ते त्यांनी न चुकता लावलं.

रायफल जमा झाली की दुकानदाराला सांगा, वरून पातळ मशीन ऑइलचा हात फिरवून ठेवा, घासू नका. बाकी परवाना आल्यावर बघू.

सई_महाल

बऱ्याच महिन्यांनी परत आलेय, धागा वर काढते. बाबांच्या नावानं परवाना झाला. पोलीस पडताळणी, हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण, बर्डीच्या दुकानातून ताबा, सगळं रीतसर. काळाकोट, तुमच्या सल्ल्यावरच सगळं चाललं, मनापासून आभार. त्या पावत्या साहेबांनी एकेक उलटून पाहिल्या.

दुकानातल्या कारागिरानं तिन्ही जागा तपासून रिकामी असल्याचं दाखवलं. मॅगझिनमध्ये काही नव्हतं. काडतुसं त्यांच्याकडेच दिली.

आता घरी आहे, बाबा समोर बसलेत, मी सुरू करते. काका, क्रम सांगा.

तेलपाणी

अभिनंदन ताई. लिहून घ्या.

पूर्ण उघडायच्या भानगडीत पडू नका. १८९२ चं पोट उघडलं तर आतल्या पिना आणि त्यांना धरून ठेवणारे बारीक स्क्रू हलवावे लागतात, आणि अनोळखी हाताला ते परत बसत नाहीत. फक्त दस्ता काढा. मागच्या वरच्या पट्टीवर एक लांब स्क्रू आहे, तो दस्त्यातून आरपार जातो. तो निघाला की दस्ता सरळ मागे ओढायचा, वाकवायचा नाही. दस्ता निघाला की मागून सगळं यंत्र दिसतं, धुता येतं.

पेचकस महत्त्वाचा. बाजारातला पेचकस टोकाला उतरता असतो, पाचरीसारखा. जुन्या विंचेस्टरच्या स्क्रूची खाच अरुंद आणि सरळ भिंतींची. उतरता पेचकस वर चढतो, खाच फाडतो आणि घसरून पट्टीवर ओरखडा काढतो. एक चांगला पेचकस घ्या आणि कानसीनं त्याचं टोक दोन्ही बाजूंनी समांतर करा, खाचेत तळापर्यंत गच्च बसेल आणि रुंदी स्क्रूच्या डोक्याएवढीच राहील असं. पेनिट्रेटिंग ऑइलचा एक थेंब, रात्रभर तसंच. सकाळी आधी किंचित घट्ट करायच्या दिशेनं दाब द्या, गंजाची पकड तिथं तुटते, मग उलट फिरवा. ठोकाठोकी नाही.

नळी साफ करायला या रायफलीत मागून गज घालता येत नाही, बोल्ट मध्ये येतो. पुढून गज घातला तर तो नळीच्या तोंडाला घासतो, आणि अचूकपणा सगळा त्या तोंडाच्या गोल कडेवर असतो. म्हणून पुलथ्रू वापरा. दोरी मागून सोडायची, पुढून ओढायची, टोकाला चिंदी. फौजेत आम्ही आयुष्यभर हेच केलं.

पहिली चिंदी गरम पाण्याची. लोक दचकतात, पण जुन्या काडतुसांच्या टोपीतलं रसायन जळून जे क्षार उरतात ते पाण्यात विरघळतात, तेलात नाही. तेलाखाली ते तसेच बसून ओलावा ओढतात. पाण्यानंतर लगेच कोरड्या चिंद्या, मग सॉल्व्हंट, मग तेल.

आणि घोडा रिकामा आपटू नका. अंगठ्यानं धरून हळू उतरवा.

जतन

कुंकवाच्या जागेसाठी माझ्याकडून. आधी चांगल्या उजेडात फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग कोरडा मऊ ब्रश. जो थर सुटतो तो कागदावर झेलून पुडीत ठेवा, टाकू नका. राहिलेल्यासाठी बांबूची काडी तासून घ्या, ती पोलादाला ओरखडत नाही. पिवळा डाग राहिला तर कापसाच्या बोळ्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल. हळदीतला रंग पाण्यात जवळपास विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतो. फक्त लाकडापासून लांब, जुनं पॉलिश उतरेल.

खालचा लाल गंज: पातळ तेल लावून एक-दोन दिवस भिजू द्या. मग जुन्या तांब्याच्या पैशाच्या कडेनं, जवळजवळ आडवा धरून, खरवडा. तांबं पोलादापेक्षा मऊ, म्हणून गंज निघतो आणि आजूबाजूचा तपकिरी थर शाबूत राहतो. खाली खळगे दिसतील. ते भरायचे नाहीत.

काही संग्राहक सुटे भाग डिस्टिल्ड पाण्यात उकळतात. लाल गंजाचा काळा, स्थिर ऑक्साइड होतो आणि मग वरची काजळी घासून काढतात. पद्धत खरी आहे, पण ती सगळीकडून लाल झालेल्या भागांसाठी. इथं गरज नाही.

वऱ्हाडीबाणा

मॅडम, स्टील वूल चालते का? आमच्याकडं भांड्याचा घासणा असते तसा नाही, बारीकवाला.

जतन

चार शून्यांचं, सगळ्यात बारीक, भरपूर तेलासोबत, फक्त लाल गंजावर, हलक्या हातानं. जिथं मूळची निळी झाक आहे तिथं नको. ती झाकही ऑक्साइडच आहे, गंज जातो तशी तीही जाते. भांड्याची घासणी मुळीच नको.

सई_महाल

काम झालं. सविस्तर लिहिते, कुणाला तरी उपयोगी पडेल.

स्क्रू काकांनी सांगितलं तसाच सुटला. घट्ट दिशेला दाबला तेव्हा "टक्" असा बारीक आवाज आला आणि पुढं तो बोटांनी फिरला. दस्ता मागे ओढला आणि बाबा खुर्चीतून उठून जवळ आले. लाकडाखाली झाकलेली लोखंडी पट्टी अगदी नवी होती, मोराच्या मानेसारखी काळी-निळी. वरच्या तपकिरीची आणि तिची सीमा लाकडाच्या कडेनं रेघ मारावी तशी सरळ. कारखान्यातून निघाली तेव्हा सगळी अशी दिसत असणार.

आत खोबरेलाचा थर मेणासारखा. टूथब्रश, कानकोरण्याचा कापूस आणि मिनरल टर्पेंटाइन यांनी निघाला. आधी पिवळट, मग काळा, त्यात वाळलेल्या पानांचा चुरा आणि एक अख्खा मेलेला मुंगळा. त्या दोन उभ्या पट्ट्या, जंगलनोंद म्हणाले त्या, स्वच्छ झाल्यावर त्यांच्या घासल्या जाणाऱ्या बाजू चांदीसारख्या दिसल्या. सांध्यांत शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. आता कडं मधल्या बोटावर फिरतं, शेवटी "खट्ट" असं बसतं.

नळीतून चिंद्या आधी काळ्या, मग विटकरी, मग राखाडी निघाल्या. टॉर्च लावून पाहिलं तर आटे, म्हणजे आतल्या वळणदार खाचा, तोंडापर्यंत ठळक, मुळाशी थोडे बारीक खळगे.

कुंकवाखाली मात्र खळगे खोल आहेत. चार-पाच, तांदळाच्या कणीएवढे. बरोबर जिथं आबाजींचं आणि मोठ्या बाबांचं अनामिकेचं बोट पडलं असेल तिथं. आईनं आधी सांगितलं होतं, कुंकू पुसायचं नाही, त्यांच्या हातचं आहे. मी जतन यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. पुडीत ठेवायचं म्हटल्यावर तिनं स्वतः चांदीची डबी आणून दिली. आता ते तिच्या देवघरात आहे.

दोन प्रश्न. दस्त्याला काय लावू? आणि पुढच्या खंडेनवमीला काय करू, पूजा तर होणारच.

सागवान

इतवारीत जुन्या फर्निचरचं काम करतो. दस्ता अक्रोडाचा असणार. पॉलिश पेपर लावू नका. लाकूड आणि लोखंड जिथं मिळतं तिथं लाकूड केसभर वर असतं, ते घासलं की बसवणूक कायमची बिघडते. मळ काढायला पातळ टर्पेंटाइनचा बोळा, मग एक दिवस वाळू द्या.

मग जवसाचं तेल. पण घाण्यावरचं खायचं नको, ते वाळायला फार वेळ घेतं आणि आपल्या धुळीत चिकट राहतं. रंगाच्या दुकानात बॉइल्ड लिनसीड मिळतं, ते घ्या. तळहातावर दोन थेंब, हात गरम होईपर्यंत चोळायचं, लाकडावर फिरवायचं आणि अर्ध्या तासात कोरड्या कापडानं सगळं पुसून घ्यायचं. पुन्हा दुसऱ्या दिवशी. दोन-तीन हात पुरे. चमक आली पाहिजे असं काही नाही, लाकूड भुकेलं दिसायचं थांबलं की थांबा. दस्त्याच्या आतल्या, लोखंडाला लागणाऱ्या कोऱ्या भागालाही एक हात द्या, ओलावा तिथूनच शिरतो.

हे सगळ्यांनी नीट वाचा: जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, चुरगळलेल्या कापडात ती कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. नागपूरच्या मे महिन्यात तर हा धोका आणखी वाढतो. उघड्यावर एकेरी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

जतन

सई, फार सुंदर काम झालंय. त्या खळग्यांना आता काहीही करू नका.

वरून मायक्रोक्रिस्टलाइन मेण लावा, रेनेसान्स वॅक्स म्हणून ऑनलाइन मिळतं. ब्रिटिश म्युझियममध्ये तयार झालेलं आहे, धातू आणि लाकूड दोन्हींना चालतं. अगदी पातळ थर, मऊ कापडानं पुसून. बोटांच्या घामापासून वाचवतं. हाताळून ठेवताना तरी पुसून ठेवायचंच.

पूजेचं सोपं आहे. कुंकू लोखंडाला लागलं नाही म्हणजे झालं. ओलं कुंकू ओलावा धरून बसतं, म्हणून तिथंच खळगे पडले. रायफलवर विड्याचं पान ठेवा आणि हळदकुंकू पानावर वाहा. नाहीतर पाटावर पांढरं कापड पसरून गंधाक्षता रायफलीच्या पुढ्यात. फुलंही ओली नकोत. संध्याकाळी पान उचललं की तेलाच्या कापडाचा हात फिरवून आत.

तेलपाणी

आणि परत फ्लानेलमध्ये गुंडाळून पेटीत नको. ती एवढी टिकली कारण माडी कोरडी होती. लोकर, फ्लानेल, चामडं, फोम, सगळे ओलावा पितात, चामड्यात तर कमावतानाची रसायनंही असतात. कुलपाचं लोखंडी कपाट घ्या, रायफल उभी ठेवा, आत सिलिका जेलच्या पिशव्या. रंग बदलला की तव्यावर नाही, ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवून परत वापरता येतात. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा काढून बघा. किल्ली बाबांकडेच.

सई_महाल

पानाची कल्पना आईला फार आवडली. कपाट सांगितलंय. बाबांनी कोडीच्या पत्रासाठी फीही भरली आज. पत्र आलं की इथं टाकते.

रामटेककर

धागा पहिल्यापासून वाचला. आमच्याकडं मामांची एक लिव्हरची आहे, परवाना चालू, मामा हयात. पण तिला बाहेर घोडाच नाही, आणि डाव्या अंगाला छोटी खिडकी आहे, त्यात आकडा दिसतो. ही कोणती?

जंगलनोंद

सॅव्हेज ९९ दिसते! घोडा आत असतो, मॅगझिन गोल फिरणारं, आणि खिडकीतला आकडा म्हणजे आत उरलेली काडतुसं. नळीचं मॅगझिन नसल्यामुळे तिला टोकदार गोळी चालते. नळीवर बोअर काय लिहिलंय? .३०३ लिहिलं असेल तर त्यापुढचा शब्द नीट वाचा. .३०३ सॅव्हेज आणि .३०३ ब्रिटिश ही दोन अगदी वेगळी काडतुसं आहेत, एकमेकांत बसवायची नाहीत.

काळाकोट

रामटेककर, परवान्यावर बोअर कसा नोंदवलाय तेही मामांना बघायला सांगा. .३०३ ब्रिटिश हा निषिद्ध बोअर आहे. नुसतं ".३०३" एवढंच लिहिलं असेल तर नूतनीकरणाच्या वेळी अडचण येऊ शकते, आत्ताच अर्ज देऊन दुरुस्ती करून घ्या. वेगळा धागा काढा, तिथं बोलू. फोटोत नंबर झाकून.